‘गार’च्या पुढची चव

वांद्र्यातल्या रानवरमधल्या एका घराच्या ओट्यावर ती बाटली उभी होती. तपकिरी काच, लांब मान, तोंडाला घट्ट बूच आणि आत गळ्यापर्यंत लालभडक पूड. मामा थबकले.

"अरे, ही तर बिअरची बाटली!"

बाटली बिअरचीच होती. आतला ऐवज होता ईस्ट इंडियन घरांमधला बॉटल मसाला. वीसहून अधिक जिन्नस उन्हात वाळवायचे, भाजायचे, उखळात कुटायचे आणि पावसाळ्याआधी धुऊन कोरड्या केलेल्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरायचे, ही इथली जुनी रीत. नावही बाटलीवरूनच पडलं. मामींनी एक बाटली विकत घेतली, उजेडात धरून पाहिली आणि पिशवीत उभी ठेवली.

मी मामांना म्हटलं, मसाला आणि बिअर एकाच काचेत राहतात, कारण दोघांचा वैरी एक आहे, ऊन. बिअरला कडवटपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमुळे. त्या कडू द्रव्यांवर उजेड पडला की ती मोडतात आणि बिअरला गंधकासारखा कुबट वास सुटतो. तपकिरी काच तो उजेड बराचसा अडवते, हिरवी कमी अडवते, पांढरी जवळजवळ अडवतच नाही. मसाल्याचा रंग आणि वास टिकतो तोही त्याच काचेमुळे. मामी लगेच म्हणाल्या, "म्हणजे कुटणाऱ्या बायकांना हे आधीच ठाऊक होतं."

२०१९ च्या जानेवारीतला तो रविवार होता. मामा मुलुंडला राहतात. नोकरीतून निवृत्त झालेले, माणूस मोजका आणि शिस्तीचा. महिन्यातून दोनदा एक बाटली बिअर घ्यायची, तीही गेली तीस वर्षं त्याच एका ब्रँडची. त्यांचं लहानपण वसईत गेलं. मी त्यांना म्हटलं होतं, "मामा, एक दिवस वांद्र्याला या माझ्याबरोबर. बिअर प्यायला नको, चाखायला." ते तयार झाले ते मामी आल्या तर, या अटीवर. मामी बिअर पीत नाहीत, पण वांद्रे बघायचं म्हणून निघाल्या.

हा बेत आखताना माझ्या मनात एक जुनी चूक होती. काही वर्षांपूर्वी असाच एका मित्राला घेऊन गेलो होतो. मला तेव्हा नवी नवी गोडी लागलेली. उत्साहाच्या भरात मी त्याला थेट इंडिया पेल एल पाजली, चांगलीच कडू. कडवटपणा मोजायचं एक माप आहे. आपल्याकडची नेहमीची लागर त्या मापावर साधारण दहा-पंधराच्या आसपास असते, तर इंडिया पेल एल चाळीस ते सत्तर. मित्राने दोन घोट घेतले, ग्लास सरकवला आणि पुन्हा कधी त्या वाटेला गेला नाही. दोष बिअरचा नव्हता, त्याच्या जिभेचाही नव्हता. ओळख करून देणारा मी चुकलो होतो. कारल्याची भाजी पहिल्यांदा खाणाऱ्याला आपण गूळ न घालता वाढत नाही.

मुलुंडहून दादर, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग माटुंगा रोड, माहीम आणि खाडी ओलांडली की वांद्रे. उतरत्या छपरांची ती देखणी स्टेशनची इमारत १८८८ ची. बाहेर पडून हिल रोडला लागलं की दुकानांच्या गर्दीमागे जुनं वांद्रे अजून सापडतं. इथल्या पाखाड्यांमध्ये, म्हणजे जुन्या वस्त्यांमध्ये, कोळी, कुणबी, भंडारी अशी मूळची माणसं राहत होती. पोर्तुगीज काळात त्यांतली अनेक ख्रिस्ती झाली आणि १८८७ मध्ये त्यांनी स्वतःसाठी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. घरात बोलली जाते ती मराठीचीच एक बोली. रानवर आणि चॅपल रोडच्या गल्ल्यांत लाकडी जिने, कौलं आणि भिंतीतले क्रूस पाहत आम्ही तासभर हिंडलो.

पेयांच्या बाबतीत हे गाव कधीच मुकं नव्हतं. लग्नात मसाले घालून गरम केलेलं खिमाड, फुगे नावाचे पाव फुगवायला पिठात ताडी. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि पिणं चोरून, घाईने, आडोशाला करायची गोष्ट झाली. वांद्र्यासह शहरभर ‘आंटीचे अड्डे’ चालले ते त्याच काळात. सत्तरच्या दशकात बंदीची पकड सैल झाली, पण कायदा अजून आहे. महाराष्ट्रात बिअर पिण्याचं वय २१, परवाना आजही लागतो आणि एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो. मला वाटतं, आपल्याकडे बिअरची निवड ‘किती चढते’ यावर होते त्याचं एक मूळ त्या आडोशात आहे. लपून प्यायचं तर चवीसाठी कोण थांबणार? आठ टक्क्यांपर्यंतची ‘स्ट्राँग’ देशात सगळ्यांत जास्त खपते ती यामुळेही असेल.

दुपारी पाली नाक्यावरच्या जनता लंच होममध्ये बसलो. इथे मी मुद्दाम मामांची नेहमीसारखीच साधी, गार लागर मागवली, एक बाटली दोघांत. सोबत बोंबील फ्राय. नव्या चवीकडे जायचं तर आधी ओळखीची चव नीट पाहून घ्यावी, असं मला आता वाटतं.

"कशी आहे, मामा?"

"गार आहे. छान."

"आणि चव?"

मामांनी आणखी एक घोट घेतला, विचार केला. "अरे, गार आहे ना. बिअरची असते तशी."

ते उत्तर मला महत्त्वाचं वाटलं. तीस वर्षं प्यायलेल्या गोष्टीचं वर्णन करायला त्यांच्यापाशी एकच शब्द होता आणि तो तापमानाचा होता. यात त्यांचा दोष नाही. आपण ज्याला नुसतं बिअर म्हणतो तो बिअरच्या मोठ्या घराण्यातला एक मुलगा. चेक प्रदेशातल्या पिल्झेन गावी १८४२ मध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने पिवळीधमक, पारदर्शक, स्वच्छ चवीची लागर केली. ती इतकी आवडली की जगभर तिचीच नक्कल झाली. मोठ्या कारखान्यांनी पुढे तिची चव आणखी हलकी केली. सातूच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर वापरली, हॉप्स कमी केले आणि बाटली इतकी थंड करून दिली की जीभ बधिर व्हावी. मुंबईच्या मे महिन्यात, खारट बोंबलाबरोबर ती उत्तमच लागते, मी तिला कमी लेखत नाही. पण एवढ्यावर बिअर संपत नाही, इतकंच मला मामांना दाखवायचं होतं.

अर्धी बाटली उरली तेव्हा मामींनी विचारलं, "पण ही करतात तरी कशी?"

मी विचारलं, "मामी, तुम्ही नाचणीचं सत्त्व कसं करता?"

"भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजून दळायची."

बिअरची सुरुवात हीच आहे. सातूला मोड आणतात, कारण मोड आले की दाण्यातली विकरं जागी होतात आणि पिष्टाची साखर करायला लागतात. मग तो सातू वाळवतात, भाजतात. यालाच माल्ट म्हणायचं. कमी भाजला तर बिअर पिवळी, मध्यम भाजला तर तांबूस, काळा होईतो भाजला तर काळी. भरडलेला माल्ट गरम पाण्यात भिजवून गोड पाणी काढायचं, हॉप्स घालून उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि बुडबुडे देतं. लागरचं यीस्ट थंडीत, साधारण ७ ते १३ अंशांवर सावकाश काम करतं आणि चव स्वच्छ ठेवतं. एलचं यीस्ट १५ ते २४ अंशांच्या ऊबेत काम करतं आणि जाता जाता फळांचे, मसाल्यांचे वास मागे ठेवून जातं.

"ताडीसारखं," मामा म्हणाले. "सकाळी उतरवली की गोड, दुपारी आंबूस. वसईला आम्ही वासावरून सांगायचो किती वाजता काढली ते."

ते बोलले आणि मला जाणवलं, आता शिकवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. नाक तयार होतं, त्याला बिअरकडे वळवायचं तेवढं बाकी होतं.

रिक्षाने खारच्या तिसऱ्या रस्त्यावरच्या डूलाली टॅपरूममध्ये पोचलो. वांद्रे-खारची हद्द इथे नुसती पत्त्यापुरती असते. आत बैठे खेळ मांडलेली टेबलं, भिंतीपाशी नळांची रांग आणि फळ्यावर त्या दिवशीच्या बिअरची नावं. इथे बिअर शिजत नाही, ती पोलादी पिंपांतून, म्हणजे केगमधून येते आणि नळाने ग्लासात उतरते. ताजी असते म्हणून फार टिकत नाही, लवकर संपवावी लागते. आणि विकत घेण्याआधी छोट्या ग्लासात चाखायला मागता येते. नवख्याला याहून मोठा आधार नाही.

मामांनी नाव वाचलं. "डूलाली? हे काय नाव?"

"देवळाली, मामा. नाशिकजवळची."

१८६१ पासून देवळालीला ब्रिटिश सैन्याची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले सोजीर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे थांबत. जहाजं सुटायची ती थंडीच्या महिन्यांत. हंगाम हुकला तर महिनोन्‌महिने काम नाही, करमणूक नाही, वर उन्हाळा आणि हिवताप. काहींची डोकी फिरत. त्याला ते ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले आणि हळूहळू ‘डूलाली’ हा इंग्रजीत वेड्यासाठीचा शब्दच झाला.

"टॅप म्हणजे?"

"ताप."

"आपला ताप?"

"आपलाच."

मामा बराच वेळ त्या नावाकडे पाहत राहिले. नळालाही टॅपच म्हणतात, हा योग जुळून आलेला. भारतातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक या नावाने २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ती काढली आणि जर्मन ब्रूमास्टर ऑलिव्हर शाउफ त्यांच्याबरोबर होते. मुंबईत २०१३ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ‘बार्किंग डिअर’ने स्वतःची बिअर पाजायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी लोअर परळलाच ‘व्हाइट आउल’ आलं आणि डोंबिवलीच्या ‘गेटवे ब्रुइंग’ची पिंपं शहरातल्या बारांमध्ये जाऊ लागली. जिथे कधी गिरण्यांचे भोंगे वाजत तिथे आणि जिथून रोज पहाटे खचाखच लोकल सुटतात तिथे ही बिअर तयार होत होती. ती परदेशातून खोक्यात घालून आणलेली चैन नव्हती, हे मामांना कळावं असं मला फार वाटत होतं.

पहिला छोटा ग्लास हेफेवाइझनचा. जर्मन भाषेत ‘हेफे’ म्हणजे यीस्ट आणि ‘वाइझन’ म्हणजे गहू. हिच्यात किमान निम्मा माल्ट गव्हाचा असतो आणि ती गाळत नाहीत, म्हणून गढूळ दिसते. कडवटपणा जवळजवळ नाही. साध्या लागरवरून पुढे जाणाऱ्यासाठी मला हीच पहिली पायरी योग्य वाटते.

"पिऊ नका लगेच," मी म्हटलं. "आधी वास घ्या, ताडीचा घेत होतात तसा."

मामांनी ग्लास नाकाशी नेला. डोळे बारीक केले. पुन्हा नेला.

"सुकेळी," ते म्हणाले.

वसईच्या राजेळी केळ्यांची वाळवलेली, मधाळ, तांबूस सुकेळी. मला ‘केळं’ एवढंच उत्तर अपेक्षित होतं. बाहेरची पुस्तकं तेवढंच सांगतात. या बिअरचं यीस्ट आंबताना आयसोअमाइल असिटेट नावाचं द्रव्य तयार करतं आणि पिकल्या केळ्यातही तेच असतं. त्याच यीस्टपासून लवंगेच्या वासाचं आणखी एक द्रव्य निघतं. बिअरमध्ये केळं घातलेलं नसतं, लवंगही नसते. नुसत्या यीस्टचं ते काम. मामांनी घोट घेतला, तोंडात फिरवला आणि म्हणाले, "लवंग नंतर येते. मागून."

दुसरा ग्लास बेल्जियन विटबिअरचा, फिकट आणि दुधट. ही जात एकदा जवळजवळ नाहीशी झाली होती. बेल्जियमच्या हूखार्डन गावातली तिची शेवटची भट्टी १९५० च्या दशकात बंद पडली आणि दहाएक वर्षांनी पिएर सेलिस नावाच्या तिथल्याच एका दूधवाल्याने ती पुन्हा सुरू केली. आज जगभर प्यायली जाते ती त्याच्यामुळे. मी हे मामांना सांगत असताना मामींनी ग्लास स्वतःकडे ओढला. प्यायल्या नाहीत, वास घेतला.

"यात धणे आहेत."

आहेतच. विटबिअरमध्ये भरडलेले धणे आणि संत्र्याची साल घालतात. रोज फोडणीपाशी उभ्या राहणाऱ्या बाईला ते ओळखायला एक श्वास पुरला. "आणि कसली तरी साल," त्या म्हणाल्या. मग मात्र त्यांनी एक घोट घेऊन पाहिला आणि मान डोलावली.

तिसऱ्या ग्लासाला मामा कचरले. ओटमील स्टाउट, काळीकुट्ट. काळी म्हणजे जड, काळी म्हणजे चढणारी, हा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात रंग भाजण्यातून येतो आणि अल्कोहोल साखरेतून. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. डब्लिनची जगप्रसिद्ध काळी गिनेस नळातून येते ती ४.२ टक्क्यांची, म्हणजे आपल्या स्ट्राँग बाटलीच्या जवळपास निम्मी. चव वाढली म्हणजे नशा वाढते असं नाही. उलट चव असली की माणूस सावकाश पितो आणि कमी पितो, हा माझा अनुभव आहे.

मामांनी घोट घेतला. "चुलीवरच्या भाकरीचा करपलेला पापुद्रा," ते म्हणाले. मामी म्हणाल्या, "जरा जास्त भाजलेली नाचणी." कॉफी, कडू चॉकलेट हे नेहमीचे शब्द त्या टेबलावर कोणी उच्चारले नाहीत आणि त्यांची उणीवही भासली नाही. ओट्समुळे त्या बिअरला आलेला रेशमी गुळगुळीतपणा मामांना सगळ्यांत जास्त आवडला. त्यांनी मोठा ग्लास मागवला तो तिचाच आणि तो पाऊण तास पुरवला.

इंडिया पेल एल मी त्या दिवशी मागवली नाही, तिची गोष्ट मात्र सांगितली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या जॉर्ज हॉजसनच्या ब्रुअरीची पिंपं ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून आफ्रिकेला वळसा घालून आपल्याकडे निघत. उष्ण समुद्रांवरच्या काही महिन्यांच्या प्रवासात टिकावी म्हणून त्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालत. मुंबईच्या धक्क्यावर ती उतरे आणि गोऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर जाई. आपल्या देशाचं नाव मिरवणारी बिअर आपल्याच माणसांपर्यंत पोचायला दोन शतकं गेली. "पुढच्या खेपेला," मामा म्हणाले. "कारलं खातोच की आपण."

आंबटाची पायरीही आपल्याला अवघड जाऊ नये. जर्मनीत मीठ घातलेली आंबट बिअर करतात, तिला गोझे म्हणतात. तिच्या वाटेने जाताना पुण्याच्या नकुल भोंसलेंच्या ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने मीठ आणि कोकम घालून एल केली. ज्याने जेवणाशेवटी सोलकढी प्यायली आहे त्याला तिची ओळख काय करून द्यायची? हॉप्स आपल्याला बहुतेक बाहेरून आणावे लागतात, थोडे लाहौलच्या खोऱ्यात होतात. यीस्टचे वाणही बरेचसे जर्मनी-बेल्जियमचे. पण कोकम, जांभूळ, ज्वारी, नाचणी, धणे ही आपली आहेत. बिअरची मराठी चव कुठून यायची असेल तर ती इथूनच येईल.

संध्याकाळी कार्टर रोडला समुद्रासमोर बसलो. भरती लागत होती. मामा वसईतल्या माडांविषयी बोलत होते. कोणत्या झाडाची माडी गोड, पावसाळ्यात वास कसा बदलायचा, भंडारी काकांनी गाडग्याला चुना लावला की ती आंबायची नाही, नीराच राहायची. तीस वर्षांत मी त्यांना चवीविषयी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. एवढं सगळं त्यांच्यापाशी होतं, फक्त बिअरच्या ग्लासापाशी कोणी विचारलं नव्हतं. मामींची पिशवी मांडीवर होती आणि तिच्यातून मसाल्याचा वास येत होता.

रात्री साडेआठच्या गाडीने ते दादरला, तिथून मुलुंडला गेले.

पंधरा दिवसांनी मामांचा फोन आला. त्यांनी नेहमीची बाटली आणली होती, तोच ब्रँड, त्यांनी तो बदललेला नाही. पण या वेळी फ्रिजमधून काढून दहा मिनिटं ओट्यावर ठेवली, मग ग्लासात ओतली आणि प्यायच्या आधी वास घेतला.

"अरे," ते म्हणाले, "हिच्यात थोडा भाताच्या पेजेचा वास आहे. तीस वर्षांत मला कळला नव्हता."